मुरमाची वाट आणि विसाव्याची जागा

गेल्या मार्गशीर्षात, माळेगावच्या यात्रेच्या सुमारास, तीन तरुण सायकलींवरून अहमदपुरास आले. त्या सायकली आमच्या ओळखीच्या नव्हत्या. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, टायर जाड आणि दातेरी, मडगार्डचा पत्ता नाही, आणि जागोजागी पट्ट्यांनी आवळलेल्या पिशव्या. हॉटेलात त्यांनी चहा मागविला आणि तुळजापुराहून माहुरास जाण्याची आडवाट विचारली. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखविले. तालुक्यातील वाड्या-तांड्यांच्या वाटा मला ठाऊक आहेत, असा माझा लौकिक आहे. तीस वर्षे युनियनची पावतीपुस्तके पिशवीत घालून हिंडलो, तेव्हा तो लौकिक अगदीच खोटा नाही.

हमरस्ता तर सरळ आहे. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि पुढे हदगाव. परंतु त्यांना तो नको होता. "काका, आम्हाला ग्रॅव्हल पाहिजे," एकजण म्हणाला. ग्रॅव्हल म्हणजे काय, असे मी विचारले, तेव्हा त्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखविले. छायाचित्र परदेशातले होते, पण रस्ता आमचाच होता: लालसर मुरूम, कडेला गवत, मधे पाण्याने पडलेली घळ. अमेरिकेत कॅन्सस प्रांतात अशाच रस्त्यांवर २००६ सालापासून दोनशे मैलांची सायकल-शर्यत भरते, हेही त्याने सांगितले. श्रोतेहो, मला हसू आवरेना. आम्ही आयुष्यभर सरकारदरबारी निवेदने दिली ती मुरमावर डांबर टाका म्हणून. आणि ही पोरे पुण्याहून इतक्या लांब मुरूम शोधीत आली होती!

वाटेविषयी विचारून झाल्यावर पाणी कोठे मिळेल, रात्री टेकायला जागा कोठे, हे त्यांनी विचारले. निघता निघता एकाने सहज विचारले, "हे रस्ते केले कुणी?" त्याला मला उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. आज तासभर मिळाला आहे, म्हणून सांगतो.

प्रथम मुरूम. आपला बालाघाट काळ्या फत्तराचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूमीच्या पोटातून रस वाहिला, त्याचे थर एकावर एक बसले. हा फत्तर उन्हापावसाने कुजतो, भुसभुशीत होतो, तो मुरूम. तो आणखी झिजून खोऱ्यात उतरला की काळी माती होते. ज्वारी-कापसाला ही माती सोन्यासारखी, पण वाटसरूची ती वैरीण आहे. मृगाचा पाऊस पडला की गाडीचे चाक आखापर्यंत रुतते, बैल गुडघे टेकतो. म्हणून जुन्या वाटा खोऱ्यातून न जाता माळावरून, डोंगराच्या पाठीवरून जात. तेथे पायाखाली मुरूम असतो आणि पाणी निथळून जाते. मात्र माळावर पिण्यास पाणी नाही. वाट माळावरून आणि विसावा पाण्यापाशी, असा हा पेच आहे. जेथे माळ उतरून ओढा लागतो, जेथे बारव आहे, तेथेच मुक्काम पडावयाचा. आपल्या भागातील जुन्या मुक्कामांची गावे नकाशावर पाहा. ती बहुधा अशा उतारावर, पाण्याच्या अंगाला आढळतील. कोस किती झाले यापेक्षा पुढचे पाणी किती लांब, यावरच दिवसाची मजल ठरे.

ही वाट फार जुनी आहे. आमच्याच बालाघाटाच्या अंगाला, तेरणेच्या काठी, तेर हे गाव आहे. आज ते धाराशिव जिल्ह्यात येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. तीत तेरचे नाव तगर असे आले आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तेथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून, जेथे रस्ते नाहीत अशा अफाट मुलुखातून, भडोचच्या बंदराला जाते, असे तो सांगतो. रस्ते नव्हते तरी माल जात होता! एक महिन्याची मजल म्हणजे तीस मुक्काम. मलमल रोमच्या बाजारात पोहोचली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या तीस मुक्कामांवर बैलांना पाणी कोणी पाजले, याची नोंद त्या व्यापाऱ्याने केलेली नाही. अशोकाने मात्र आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदविल्या, विश्रांतीची स्थाने केली, असे मुद्दाम कोरवून ठेवले आहे. पाणी आणि सावली ही राज्याने करावयाची कामे आहेत, हे एका राजाला दोन हजार वर्षांपूर्वी कळले होते.

गाड्यांपेक्षाही या डोंगरांतून अधिक माल वाहिला तो बैलांच्या पाठीवरून, आणि तो वाहिला लमाणांनी. आपल्या तालुक्यात जे तांडे आहेत, त्यांच्या पूर्वजांचा हा धंदा. धान्य आणि मीठ गोणींत भरून हजारो बैलांचा तांडा चाले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडला. त्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागे! मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, त्यांना दाणा पुरविला तो याच तांड्यांनी. त्याबद्दल भंगी आणि जंगी या नाईकांना ताम्रपटावर सनद मिळाली, अशी परंपरा लमाणांत सांगतात. सनदेतले इतर हक्क सोडून द्या; मला त्यांतले दोन मोलाचे वाटतात. वाटेत लोकांच्या रांजणातले पाणी घेण्याचा आणि छपरावरचे गवत बैलांसाठी काढण्याचा. ही कथा इतिहास म्हणून किती टिकेल, हे पंडितांनी ठरवावे. पण वाटेवरच्या माणसाला काय हवे असते, ते तीत अचूक आले आहे. जहागीर मिळाली, असे त्या परंपरेने म्हटले नाही. पाणी मिळाले, असे म्हटले.

पुढे आगगाडी आली आणि हा धंदा बुडाला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातुरापर्यंत पोहोचली. लातूरची पेठ वाढली, हे खरे. परंतु ज्यांच्या पाठीवर आधीची पेठ उभी होती ते तांडे माळावर ठाणबंद झाले. धंदा गेलेल्या फिरत्या जमातींवर इंग्रजी कायद्याने १८७१ पासून गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास सुरुवात केली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. एके काळी पातशाही फौजेच्या पुढे चालणाऱ्यांच्या नातवांना पोलीसपाटलाकडे हजेरी द्यावी लागावी, याला काय म्हणावे!

आता विसाव्याच्या जागा. बारव, धर्मशाळा, सराई, पाणपोई हे शब्द आपण फार प्रेमाने उच्चारतो. परभणी जिल्ह्यातील चारठाणा आणि वालूर येथील बारवा पाहिल्या म्हणजे दगडाला दगड कसा बसवावा, याचे आश्चर्य वाटते. अहिल्यादेवींचे नाव तर विहिरी आणि धर्मशाळांमुळे काशीपासून रामेश्वरापर्यंत घेतले जाते. परंतु मी कामगार चळवळीतला माणूस. कोणतीही सोय पाहिली की ती कोणासाठी, हा प्रश्न माझ्या तोंडी आधी येतो. बारवेच्या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या.

याचा एक दाखला देतो. हे मी युनियनच्या कचेरीत, कंदिलाच्या उजेडात प्रथम वाचले आणि त्या रात्री मला नीट झोप आली नाही. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर, त्यांचे भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदार होते. तेथे दुष्काळी लोकांना काम म्हणून सरकार तलाव बांधीत होते. मुले आगगाडीने मसूर स्टेशनात उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाला बैलगाडी द्यायला कसाबसा तयार झाला, तो दुप्पट भाड्याने, आणि गाडी मुलांनी हाकावी, आपण शेजारून चालू, या अटीवर. बरोबर भाकरी होती, पण पाणी नव्हते. वाटेतला ओढा गुरांच्या शेणामुताने गढूळ. मध्यरात्री टोलनाक्याची झोपडी लागली. जात सांगितली तर पाणी मिळणार नाही, म्हणून आपण मुसलमान आहोत असे छोट्या भीमरावाने सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. डब्यात अन्न असताना ती मुले उपाशी निजली.

टोलनाका म्हणजे काय? रस्त्याचा पैसा घेण्याची सरकारी जागा. पैसा सगळ्यांकडून घ्यावयाचा आणि रांजणातले पाणी कोणाला द्यावयाचे ते नाकेदाराच्या मर्जीवर! आणि ज्या कामासाठी त्या मुलांचा बाप दूर गेला होता, ते काम होते लोकांना पाणी देण्याचे.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव संमत झाला. संमत होणे आणि घोटभर पाणी मिळणे यांत किती अंतर असते, ते १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सर्वांनी पाहिले. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा ठराव येथे लागू नव्हता. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती, म्हणून मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदात हातपाय धुतले. लागलीच जमाव जमून शिव्यांचा भडिमार झाला, कारण पाणी बाटले! अखेर किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारी शिपाई देऊन. त्याने पाहावयाचे एवढेच, की यांचा हात कोठे पाण्याला लागत नाही ना. म्हणजे हिंदूच्या विहिरीवर जी गत, तीच मुसलमानाच्या हौदावर. धूळ मात्र मुरमाची असल्यामुळे सगळ्यांच्या अंगावर सारखीच बसली होती.

निजामी राजवटीत साहेबासाठी डाकबंगला असे. पंखा, खाट, न्हाणीघर, सर्व काही. दौरा निघाला म्हणजे सामान वाहणे, चारा-लाकूड पुरविणे, वाट दाखविणे ही कामे गावाच्या माथी, आणि गावात ती वेठबिगार म्हणून खालच्या जातींच्या माथी. वेसकराने प्रवाशाला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवावे, ही रीत तर सगळ्या महाराष्ट्रात होती. आज आपण ज्याला वाटाड्या म्हणतो, तो तेव्हा बिनपगारी होता. वेठबिगारीला मनाई झाली ती १९५० च्या राज्यघटनेने, तेविसाव्या कलमाने. मोटारींचे सांगायचे तर निजाम सरकारने १९३२ साली २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन सरकारी बस सुरू केली. देशातल्या पहिल्या सरकारी बस-सेवांपैकी ही एक. चांगल्या गोष्टीचे श्रेय द्यावे. पण सत्तावीस गाड्या एवढ्या मोठ्या संस्थानात कोठे कोठे पुरणार? आमच्या आजोबांच्या पिढीचा प्रवास पायीच झाला.

आपल्या भागात डोंगर आहेत, दाट अरण्य नाही. ते पाहावयाचे तर नांदेडच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला किनवट-माहुरास गेले पाहिजे. ती मुले तिकडेच निघाली होती. रेणुकेच्या आणि दत्तशिखराच्या यात्रेकरूंनी ती वाट मळलेली आहे. बाकी जंगलातल्या गाडीवाटा बहुतेक सागवान बाहेर काढण्यासाठी पडल्या. १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात गोंड आणि कोलाम लोकांना घेऊन कोमरम भीम जंगलाच्या हक्कासाठी उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. लाकडाला वाट होती, तेथे जन्मलेल्या माणसाला अडवणूक होती. सागाच्या राईत सायकल लावून फोटो काढताना एवढे ध्यानात असावे, म्हणून हे त्या मुलांना सांगितले. माहुराबरोबर किनवट, आणि बिदर जिल्ह्यातून आमचे अहमदपूर, निलंगा, उदगीर, हे सगळे १९५६ च्या नोव्हेंबरात मराठी राज्यकारभारात आले. लातूर जिल्हा तर १९८२ चा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. हे रस्ते केले कोणी? आपल्या तालुक्यातील मुरमाचे आणि खडीचे कितीतरी रस्ते १९७२ च्या दुष्काळाचे आहेत.

त्या वर्षी पाऊस गेला, आणि त्याच्या आधीच्या वर्षीही तो धड नव्हता. जनावरे विकली, कडबा संपला, विहिरींचा तळ दिसला. सरकारने कामे काढली: पाझर तलाव, नालाबांध, आणि रस्ते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पन्नास लाख! एवढी मोठी कामगारांची फौज देशातल्या कोणत्याही गिरणीने, कोणत्याही रेल्वेने पाहिली नसेल. कामावर सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो मिळे. मिलोची भाकरी थापताना तुटते, हे आमच्या आयाबहिणींकडून ऐकावे.

रस्त्याचे काम कसे चाले, ते नव्या पिढीला ठाऊक नसते म्हणून सांगतो. आधी माती-मुरमाचा भराव. त्यावर मोठे दगड हाताने बसवावयाचे, त्याला सोलिंग म्हणतात. त्यावर फोडलेली खडी, फटींत मुरूम, वर पाणी मारून रोलर. यांतली फोडलेल्या खडीची रीत स्कॉटलंडच्या मॅकॅडमची. दोनशे वर्षांपूर्वी त्याने नियम घातला, की सहा औंसांहून जड खडा रस्त्यात असू नये. आणि खडी बसून, लहान हातोडीने फोडावी, म्हणजे बायका, म्हातारे आणि पोरेही ती फोडू शकतील. विलायतेतला तो नियम आमच्या माळावर जसाच्या तसा आला. माळावर ओळीने बायका बसलेल्या, प्रत्येकीपुढे दगडाची रास, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. खडी मोजावयाची ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मुकादम टेप लावी. ढीग पोकळ रचला, असे म्हणून माप कापले की भांडण. मजुरी पंधरवड्याची महिन्याने मिळे.

हे मी ऐकलेले सांगत आहे. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. माझी आई अशाच एका कामावर होती. मला बाभळीला झोळी बांधून तीत निजवीत आणि झोळीला झोका द्यायला माझी सहा वर्षांची बहीण. पाण्याचा टँकर येई, नाहीही येई. एकदा दुपारपर्यंत पाणी आले नाही, तेव्हा बायकांनी हातोड्या खाली ठेवल्या आणि रस्त्याच्या मधोमध बसून राहिल्या. कोणी पुढारी नव्हता, झेंडा नव्हता. संध्याकाळी पाणी आले. मी पुढे तीस वर्षांत जे संप पाहिले, त्यांत इतका साधा आणि इतका यशस्वी संप क्वचित पाहिला.

या दुष्काळातून एक मोठी गोष्ट निघाली. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापुरात जो प्रयोग केला होता, त्याचीच रोजगार हमी योजना झाली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबईच्या गिरणीतल्या, बँकेतल्या नोकरदाराच्या पगारातून तो कापला जाई. शहरातला कामगार खेड्यातल्या कामगाराच्या मजुरीला हातभार लावतो, हे कलम आम्ही सभांतून मोठ्या अभिमानाने सांगत असू. २००५ साली केंद्राने असाच कायदा सगळ्या देशासाठी केला. त्यात लिहिले होते, की कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. सहा वर्षांखालील पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी. झोळीला झोका देणारी सहा वर्षांची मुलगी कायद्यात आली, ती अशी. प्रत्यक्षात कितीशा कामांवर सावली पाहिली, ते विचारू नका. पण कलम असले म्हणजे भांडता येते. कलम नसले तर नुसते विनवावे लागते.

त्यांतले कित्येक रस्ते अर्धेच राहिले. पाऊस पडला, लोक पेरणीला गेले, काम थांबले. सोलिंग झाले तर खडी नाही, खडी झाली तर डांबर नाही. टीकाकार म्हणाले, हे रस्ते कोठेच जात नाहीत. कोठे नाहीत कसे? ते तांड्याला जातात. मी तालुक्यात सायकलीवरून फिरलो तो याच रस्त्यांवरून. माझी सायकल ॲटलसची, काळी, मागे कॅरिअर, पुढे पिशवी. मुरमाच्या चढावर उतरून ढकलावी लागे आणि उतारावर ब्रेकच्या रबराला वास सुटे. ज्या कारखान्यांनी अशा लाखो सायकली केल्या, त्यांतला साहिबाबादचा ॲटलसचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता, हा योगायोग त्या कामगारांना गोड वाटला नसेल.

सायकलीवरून लांब जाण्याचे वेड आपल्याकडे काही आजचे नाही. १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा असे तिघे १९२८ साली फेरा पुरा करून परतले. वाळवंटे त्यांनी तुडविली, पण पाणी कोठे मिळेल हीच त्यांचीही पहिली विवंचना असणार.

आज आमच्या रस्त्यांवर विसाव्याची जागा म्हणजे तांड्याच्या फाट्यावरचे चहाचे दुकान, मारुतीचा पार, शाळेचा व्हरांडा, कोठे हातपंप. दिवाळी सरली की याच वाटेने ऊसतोड कामगार निघतात. कोयता, भांडी, लेकरे ट्रॅक्टरवर घालून. लमाण तांडे त्यांत पुष्कळ. पूर्वजांच्या तांड्याला रांजणाचे पाणी हक्काने मिळत होते म्हणतात. यांना रात्री बायकांनी आडोशाला कोठे जावे, हाच प्रश्न असतो. हमरस्त्यावर टोलनाका झाला म्हणजे मोटारवाल्यांसाठी स्वच्छतागृह होते. ट्रॅक्टरमधल्या बाईला तेथे थांबवावयाचे की नाही, ते चालकाच्या मर्जीवर.

त्या मुलांना मी माळावरची वाट सांगितली, पाण्याच्या जागा कागदावर लिहून दिल्या आणि त्या रात्री घरीच ठेवून घेतले. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सकाळी ती अंगणात आली, सायकलीजवळ बसली आणि जाड टायरच्या दातांत अडकलेले खडे बोटांनी काढू लागली. मुले संकोचली. तिने एक खडा उन्हात धरून फिरवून पाहिला.

"ही आमची खडी नव्हं," ती म्हणाली. "ही मशीनची हाय. आमची एवढी बारीक नसायची."

मग तिने पुढच्या चाकाकडे मोर्चा वळविला.